लाल रेषेवरचा काटा

पिकअप आमच्याकडे २०१४ साली आली. त्याआधी ती दुसऱ्यांकडे बरीच राबली होती. दरवाजे ओढून लावावे लागत, डाव्या बाजूची काच अर्ध्यावर अडकायची. पण डिझेल इंजिन दणकट होतं आणि सासऱ्यांना तेवढं पुरेसं होतं. ते रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर वाणगावजवळच्या आमच्या चिकूच्या वाडीत त्यांचं मन रमेना. गाडी आली आणि त्यांना रोजचा उद्योग मिळाला. चिकूच्या पेट्या, हंगामात मिरची, आणि भाडं मिळालं तर वरोरची मासळी, असं काय काय ती वाहायची.

नवरा वापीला कारखान्यात. तो सुट्टीला येणार, झोप काढून परत जाणार. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला आणि समोरून गाडी आली की ते ब्रेक दाबून मधेच थांबायला लागले. तेव्हा एके दिवशी मीच म्हटलं, "मी शिकते." त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चालकाच्या जागेऐवजी दुसऱ्या बाजूने चढून बसले, एवढंच.

मी शिकले. पण शिकवताना ते रस्त्याकडे कमी आणि समोरच्या मीटरकडे जास्त बघायचे. "काटा बघ. डिझेलचा बघ, पाण्याचा बघ. गाडी बोलत नाही, काटा बोलतो." पाण्याचा काटा म्हणजे इंजिन किती तापलंय ते दाखवणारा. त्याच्या उजव्या टोकाला लाल रेघ होती.

तो काटा पहिली दोन-एक वर्षं नीट वागला. मग वरोरच्या मासळीचं काम वाढलं. ओहोटीला गाडी थेट ओल्या वाळूवर न्यायची, होडीतून टोपल्या थेट हौद्यात. खारं पाणी चाकांखाली उडायचं, इंजिनाच्या पोटापर्यंत जायचं. घरी आल्यावर आम्ही हौदा धुवायचो, वास जाईपर्यंत घासायचो. खालून गाडी धुवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात काट्याला खोड लागली. इंडिकेटर लावला की तो इंडिकेटरच्या तालावर उडायचा. हॉर्न दाबला की उसळायचा. दिवे लावले की हळूहळू उजवीकडे सरकत लाल रेघेला टेकायचा. बॅटरीही पुरेशी भरेना. सकाळी सेल्फ मारला की इंजिन जडपणे फिरायचं आणि कसंबसं चालू व्हायचं.

बाबांनी हे स्वतःवर घेतलं. डहाणूच्या मेकॅनिकने पाण्यातला सेन्सर बदलला, मग बॅटरी बदलली, आणि शेवटी म्हणाला की वायरिंगच म्हातारं झालंय. ते ऐकून बाबांनी डॅशबोर्ड उघडला. कित्येक दुपारी ते गाडीत वाकून बसलेले असायचे. हातात टेस्ट लॅम्प, त्याच्या एका टोकाला चिमटा. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा, दुसरं टोक वायरीला, दिवा पेटला की ती वायर ठीक. त्यांनी जुन्या वायरी काढून नव्या घातल्या, फ्यूजचे दात काचकागदाने घासले, प्रत्येक जोडावर टेप गुंडाळली. सगळीकडे दिवा स्वच्छ पेटायचा. आणि संध्याकाळी हेडलाइट लावले की काटा पुन्हा लाल.

"आता हा खोटाच बोलणार," ते एकदा वैतागून म्हणाले. "त्याच्याकडे बघू नकोस."

म्हणून आम्ही बघायचं सोडलं. आणि त्याच उन्हाळ्यात वाणगाव बाजारातून परतताना, ते स्वतः हट्टाने चालवत होते तेव्हा, काटा भर दुपारी लाल झाला. दिवे बंद होते. मी म्हटलं, "बाबा, काटा." ते म्हणाले, "सोड गं." थोड्या वेळाने बॉनेटच्या फटीतून वाफ आली. पाण्याचा पाइप फाटला होता, इंजिनात पाण्याचा थेंब उरला नव्हता. इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचं झाकण, तापून वाकलं. गाडी पावसाळाभर मेकॅनिकच्या दारात उभी राहिली.

त्यानंतर बाबा काट्याला घाबरायला लागले. काटा मधल्या रेघेच्या पुढे गेला की ते गाडी थांबवायला लावायचे. मी चालवत असले तरी डॅशबोर्डवर हात आपटायचे. काटा खोटा आहे हे त्यांना माहीत होतं, पण आता त्यावर विसंबायची हिंमत नव्हती. मला मात्र काट्याचा राग यायचा. मी आवाज ऐकायचे, वास घ्यायचे. आमची यावरून किती भांडणं झाली असतील, मोजता येणार नाहीत. सुनेने सासऱ्याशी गाडीत भांडायचं आणि घरी आल्यावर मुकाट्याने वाढायचं, असं ते चालायचं.

२०१८ च्या दिवाळीनंतर आमच्या भागात जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीच्या आतल्या पाड्यांवर सगळ्यात जास्त. आमच्याकडे वाणगावला भांडी वाजायची, तिकडे भिंतींना तडे जायचे. आधी आवाज यायचा, खोल कुठेतरी काहीतरी कोसळल्यासारखा, मग हादरा. बाबांची थोरली बहीण तलासरीच्या अलीकडे, हायवे सोडून आत, एका पाड्यावर एकटी राहायची. मुलं नव्हती, नवरा केव्हाच गेला होता. बाबांनी तिला कितीदा सांगितलं, आमच्याकडे ये. ती म्हणायची, "माझ्या कोंबड्या कोण बघेल? सगळे अंगणात झोपतात, मीही झोपते."

नवीन वर्ष लागल्यावर एका दुपारी तिच्या शेजारणीचा फोन आला. मोठा हादरा बसला, आत्या भाकरी टाकून बाहेर पळाली आणि दारातच वरची विटेची रांग तिच्यावर आली. हात मोडलाय, डोक्याला खोक पडलीय. लोकांनी दुसरी गाडी बोलवायची तयारी केली होती, पण आत्या ऐकेना. "माझा भाऊ येईल त्याच्या गाडीतून," एवढंच म्हणत होती.

आम्ही निघालो. जाताना ऊन होतं, दिवे लागत नव्हते, काटा मधे होता. बाबा वाटभर त्याच्याकडेच बघत होते.

आत्या अंगणात खाटेवर बसली होती. डोक्याला कुणीतरी लुगड्याची पट्टी गुंडाळली होती आणि ती भिजली होती. उजवा हात तिने डाव्या हाताने छातीशी धरला होता. मला बघून म्हणाली, "तू चालवत आणलीस?" मग तिला उलटी झाली. शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "मघापासून झोप झोप करतेय. झोपू देऊ नका."

तिला गाडीत बसवताना वेळ गेला. ती खिडकीशी, बाबा मधे, तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर. मी किल्ली फिरवली. सेल्फने एक हुंकार दिला आणि गप्प. पाड्यावरच्या माणसांनी मागून ढकललं, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि इंजिन धडधडून चालू झालं.

"आता डहाणूपर्यंत बंद करायची नाही," बाबा म्हणाले.

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा पेटलेलाच राहिला. बॅटरी भरत नव्हती. जुनं डिझेल इंजिन एकदा चालू झालं की बॅटरीवाचून चालत राहतं, पण बंद पडलं तर पुन्हा चालू करायला बॅटरीच लागते. आणि चारोटीला हायवे सोडला की डहाणूच्या रस्त्यावर ढकलायला कोण मिळणार?

हायवेवर ट्रकांची रांग होती. मी डावीकडे धरून चालले. चारोटीला वळलो तेव्हा सूर्य समोर, डोळ्यांत. मग तो झाडांच्या मागे गेला आणि रस्ता एकदम करडा झाला. समोरून येणाऱ्या गाड्यांनी दिवे लावले. मी थोडा वेळ तशीच रेटत होते. एक मोटारसायकलवाला अगदी जवळ आल्यावर दिसला, जोरात ओरडून गेला. मी दिवे लावले.

काटा हलला. बाबांनी तो माझ्याआधी पाहिला.

"थांबव."

"बाबा, दिव्यांमुळे आहे."

"त्या दिवशी पण आपण असंच म्हटलं होतं. थांबव आणि बंद कर. डोकं वाकलं तर इथेच बसू."

"बंद केली तर चालू होणार नाही. मग इथेच बसू."

आत्याचं डोकं त्यांच्या खांद्यावरून घसरलं. त्यांनी ते पुन्हा वर घेतलं. "अक्का, डोळे उघड. अक्का." ती काहीतरी पुटपुटली. काटा लाल रेघेला टेकला होता.

मी दिवे बंद केले. रस्ता काळा झाला आणि काटा हळूहळू खाली आला.

"उतार आहे म्हणून पडला," बाबा म्हणाले.

मी हॉर्न दाबला. काटा उसळला. पुन्हा दाबला, पुन्हा उसळला. "पाण्याला हॉर्न ऐकू येतो का, बाबा?"

ते हळू आवाजात म्हणाले, "काटा खोटा असेल. पण म्हणून पाणी पुरेसं आहे असं होत नाही. दोन्ही एकदम असू शकतं."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मला ते आवडलं नाही. मी दिवे पुन्हा लावून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं, हँडब्रेक ओढला आणि उतरले. बॉनेट उघडलं. वाफ नव्हती. पाणी उकळल्यावर गोडसर, जळल्यासारखा वास येतो तो नव्हता. पंखा फिरत होता. पदर गुंडाळून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावला, मग पदर काढून उघड्या हाताने धरला. गरम होता, दाबला तर आत पाणी जाणवत होतं, पण हात ठेवता येत होता. उकळतं पाणी असतं तर बोटं टेकवता आली नसती. मी धावत आले. "पाणी ठीक आहे, बाबा. पाइप धरता येतोय."

"नक्की?"

"नक्की."

मी चढले. घाईत होते. हँडब्रेक सोडला, क्लच सोडला, गाडीने एक झटका दिला आणि इंजिन बंद पडलं.

त्या शांततेत आत्याचा श्वास ऐकू आला. मी किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक, टक. दिवे मंद होऊन पिवळे पडले. मी ते विझवले.

मी पुन्हा किल्ली फिरवून धरून ठेवली. कुठूनतरी प्लास्टिक जळल्याचा वास आला. माझ्या मनात आलं, इंजिन बंद करायची ओढणी अर्धवट बाहेर राहिली असेल. जुन्या गाडीला ती असते, एक दांडी ओढली की इंजिन बंद, तिची तार इंजिनापर्यंत जाते. मी ती आत ढकलायला हात घातला आणि किंचाळले.

"काय झालं?"

"तापलीय. ओढणी. चटका बसला."

"ओढणी तापली?" त्यांनी अंधारात हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. मग ते एकदम जागे झाल्यासारखे बोलायला लागले. "तिच्यात करंट कशाला जाईल? ती नुसती तार आहे. पुन्हा सेल्फ मार. थोडाच."

मी मारला. "अजून तापली," ते म्हणाले. "सेल्फचा करंट हिच्यातून परत येतोय. त्याला दुसरी वाटच नाही. इंजिनाची अर्थिंग गेली. अगं, मी चिमटा नेहमी पत्र्याला लावत होतो. पत्र्याला! इंजिनाला कधी लावलाच नाही." ते स्वतःशीच बोलत होते. मग मला म्हणाले, "मागे जाड केबल आहे ना, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायची? त्यातली काळी आण."

आत्याला खिडकीला टेकवून ते माझ्या बाजूने उतरले. बॉनेटपाशी आले, पण त्या अंधुक उजेडात त्यांना काहीच दिसेना. हाताने चाचपायला लागले. मी त्यांचा हात धरून मागे घेतला. "तुम्ही सांगा. मी लावते."

मोबाईल दातात धरला. त्याच्या उजेडात बॅटरीचं काळं टोक सापडलं. एक चिमटा तिथे लावला.

"दुसरा इंजिनाला. रंग नसलेलं लोखंड शोध. उचलायचा हूक असतो बघ, बाजूला."

तेवढ्यात बॉनेटचा पत्रा आपोआप खडखडला. मला वाटलं इंजिन फिरलं. मग पायाखालून तो आवाज गेला, आणि शेजारच्या बांधावरची कुत्री एकदम भुंकायला लागली. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, माझा एक हात बाबांच्या बाहीवर. हादरा थांबला.

"आत्या!" मी मोबाईल दातातून काढून ओरडले. उत्तर नाही. "आत्या, बोला काहीतरी!"

"काय बोलू?" आतून बारीक आवाज आला. "तुमचं होत नाही अजून? हा लहानपणी पण असंच करायचा. माझं घड्याळ उघडलं आणि बिघडवलं." 

"नीट केलं होतं मी ते," बाबा म्हणाले.

"कुठे केलंस? उलटं चालायचं."

"बोलत राहा, आत्या," मी म्हटलं, आणि हूक सापडला. त्यावरचं तेल पदराने पुसलं, चिमट्याचे दात दाबून घासले, लावला.

बाबांना आधी मधे चढवून मी आत येऊन बसले. किल्लीला हात लावला. बॅटरीत काही उरलंय की नाही, कोण जाणे. फिरवली. सेल्फ फिरला. कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता तसा, मोकळा. इंजिन एकदा खोकलं आणि चालू झालं. मी पाय ॲक्सिलरेटरवर घट्ट ठेवला. बॅटरीचा लाल दिवा विझला.

"दिवे लाव," बाबा आत्याचं डोकं पुन्हा खांद्यावर घेत म्हणाले.

लावले. रस्ता पांढरा झाला. आम्ही दोघांनी काट्याकडे पाहिलं. तो मधे होता. हॉर्न दाबला. हलला नाही.

डहाणूपर्यंत केबल बॉनेटखाली तशीच लावलेली होती. प्रत्येक खड्ड्याला मला ती सुटेल असं वाटायचं. बाबा आत्याशी त्या घड्याळावरून भांडत राहिले, मुद्दाम, ती गप्प झाली की तिला डिवचत. दवाखान्याच्या दारात मी इंजिन चालू ठेवूनच आत धावले. हात मोडला होता, डोक्याला टाके पडले. डॉक्टरांनी तिला नजरेखाली ठेवून घेतलं आणि सकाळी सांगितलं, धोका टळला. बाबा बाकावर बसल्या बसल्या झोपले होते. मी त्यांना उठवून सांगितलं तेव्हा त्यांनी आधी चष्मा शोधला, मग म्हणाले, "चहा घेऊ या."

घरी आल्यावर मी गोणपाट टाकून गाडीखाली शिरले, बाबांना तसं आडवं होणं जमत नव्हतं. इंजिनाखाली, चासीच्या कडेला, तांब्याच्या विणलेल्या पट्टीचं टोक लोंबकळत होतं. हिरवं झालेलं. बोट लावलं तर भुगा हातात आला. समुद्राच्या पाण्याने खाल्लं होतं. इंजिनातून करंट परत न्यायचा रस्ता तोच होता, तो गेला म्हणून दिवे लावले की काटा भरकटायचा. आम्ही इतकी वर्षं डॅशबोर्डमागे शोधत होतो आणि तो तुटला होता खाली, जिथे कुणी बघितलं नाही. नवी पट्टी लावली, ओढणीची वितळलेली तार बदलली. बाबांनी टेस्ट लॅम्पचा चिमटा या वेळी इंजिनाला लावून सगळं पुन्हा तपासलं. बराच वेळ तपासत होते.

आत्या आमच्याकडे उन्हाळाभर राहिली. पडवीत झोपायची, घरात झोपायला तिची तयारी नव्हती. भांडी वाजली की पहिल्यांदा ती अंगणात असायची आणि आम्हाला हाका मारायची. प्लॅस्टर निघालं, हात पूर्ण सरळ झाला नाही, पण भाकरी थापता यायला लागली. मग ती परत जायचं म्हणायला लागली. बाबांनी विरोध केला, मी केला, नवऱ्याने वापीहून फोनवर केला.

"तिथे जमीन हलते, अक्का," बाबा म्हणाले.

"इथेही हलते. तिथे माझं अंगण आहे."

पाड्यावरच्या लोकांनी तिच्या विटांच्या जागी कुडाच्या भिंती उभ्या केल्या होत्या, वर हलके पत्रे. पाऊस यायच्या आधी आम्ही तिला सोडायला गेलो. मी चालवत होते, आत्या मधे, मांडीवर पाटीत कोंबड्या, तिच्या जुन्या शेजारणीकडे होत्याच, या आमच्या वाडीतल्या, तिने निवडून घेतलेल्या. चारोटीच्या पुढे ढग भरून आले तेव्हा मी दिवे लावले आणि काट्याकडे पाहिलं, तो मधेच होता. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते.